भांड्यातली मिरपूड

आज आमच्या पाळलेल्या सापाचं पाण्याचं भांडं बदलायला घेतलं तर तळाशी मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि काठावर एक चक्क चालत होता!

२ दिवस आमचा बॉल पायथन (छोट्या अजगराची जात) त्यातच वेटोळं करून बसलेला आणि मी आपला फोटो टाकतोय, काय मस्त डुंबतोय म्हणून. तो बिचारा माइट्स, म्हणजे अंगाला चिकटून रक्त पिणारे गोचिडीसारखे बारीक जीव, बुडवत होता. टॉर्च मारून बघितलं तर हनुवटीखाली खवल्यांच्या फटीत चिकटलेले, डोळ्यांच्या कडेलाही.

सगळा भुसा फेकला, टँक घासला, खाली नुसता टिश्यू पेपर. अंडी कोपऱ्याकपाऱ्यात घालतात मेले, त्यामुळे एकदा साफ करून भागत नाही, आता काही आठवडे हेच.

डॉक्टर म्हणाले, "तो सांगतच होता की, तुम्ही लाइक मोजत होतात."

लागलं ते. अजून काय काय असं नुसतं फोटो काढून सोडून दिलंय मी?