आधी डक्ट, मग सही: इंग्लंडमध्ये रेस्टॉरंट उघडताना

इंग्लंडमध्ये रेस्टॉरंट काढायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो लायसन्सचा. खाद्यव्यवसायाची नोंदणी हा खरं तर सगळ्यात सोपा भाग. स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, ऑनलाइन फॉर्म भरायचा, सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी. फी नाही, आणि कौन्सिलला ती नाकारताही येत नाही. पैसे बुडतात ते जागेच्या करारात.

१ सप्टेंबर २०२० पासून दुकान, ऑफिस आणि रेस्टॉरंट 'क्लास ई' या एकाच वापरगटात आले. त्यामुळे एजंट सांगतो, "परवानगी लागणार नाही." हे अर्धंच खरं आहे. वापर बदलायला लागत नाही, पण धूर आणि वास बाहेर काढणारा डक्ट मागच्या भिंतीवरून छपराच्या वर न्यायचा, तर त्या कामाला कौन्सिलची बांधकामासाठीची (प्लॅनिंगची) परवानगी बहुधा लागतेच. वर फ्लॅट असतील तर आवाजाचा आणि वासाचा अहवाल मागतात. मिरचीची फोडणी वरच्या मजल्यावर पोचली की तक्रार ठरलेली. भिंत जागामालकाची, म्हणून त्याची लेखी संमती वेगळी. मुख्यतः पार्सलचं गरम जेवण विकायचं असेल तर ते क्लास ई मध्ये बसतच नाही. डक्टला वाट नाही म्हणून आम्ही दोन चांगल्या जागा सोडल्या, आणि ते योग्यच झालं.

अशा अर्जाचा निर्णय यायला नियमाने ८ आठवडे असतात, अनेकदा जास्त लागतात. म्हणून सॉलिसिटरकडून (वकिलाकडून) 'परवानगी मिळाली तरच भाडेकरार' ही अट घालून घ्या. नाहीतर रिकाम्या जागेचं भाडं सुरू होतं, तेही पुष्कळदा तिमाहीचं आगाऊ. कंपनी लिमिटेड असली तरी जागामालक तुमची वैयक्तिक हमी मागतो. ती दिली की कर्ज थेट घरापर्यंत येतं. हमीची रक्कम आणि मुदत ठरवून घ्या. १९५४ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याने (लँडलॉर्ड अँड टेनंट अ‍ॅक्ट) करार संपल्यावर तो पुन्हा मिळण्याचा हक्क असतो, पण पुष्कळ करारांत तो काढून टाकलेला असतो. तसं असेल तर स्वयंपाकघरावर किती खर्च करायचा, हे उरलेली वर्षं मोजून ठरवावं. पूर्ण दुरुस्ती भाडेकरूकडे असेल तर ताबा घेतानाच गळकं छप्पर, भेगा यांचे फोटो करारालाच जोडा.

आता स्वयंपाकघर. इथे १४ अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारे घटक, विचारल्यावर सांगता आलेच पाहिजेत, आणि मराठी जेवणात ते लपून बसतात. मोहरी, तीळ, शेंगदाणे, काजू, दूध, गहू हे सगळे त्या यादीत आहेत. हिंगाची डबी उलटी करून वाचा: बांधणी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे बेसनाची कोथिंबीरवडी 'ग्लुटेन नाही' म्हणून दिली, तर ते नुसतं चूक नाही, धोक्याचंही आहे. शिवाय कढईतलं तेल भजी आणि पुरी दोघांना एकच. काउंटरवर आधीच पाकिटात भरून ठेवलेले लाडू-चिवडा असतील तर १ ऑक्टोबर २०२१ पासून पाकिटावर सगळे घटक छापावे लागतात, अ‍ॅलर्जन ठळक अक्षरांत.

मिसळीचा कट गरम ठेवायचा तर ६३ अंश सेल्सिअसच्या वर, थंड पदार्थ ८ च्या खाली. कौन्सिलचा तपासनीस न सांगता येतो आणि ० ते ५ गुण देतो. स्वच्छ स्वयंपाकघराचेही गुण जातात ते रोजच्या नोंदींची डायरी कोरी असल्याने. फूड स्टँडर्ड्स एजन्सी या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 'सेफर फूड, बेटर बिझनेस' हा संच त्यासाठीच आहे, आणि फुकट मिळतो.

आचारी भारतातून आणू, हा हिशोब आता सोडाच. २२ जुलै २०२५ पासून नव्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पदवीच्या पातळीचं काम लागतं. आचारी त्यात बसत नाही. कामाचा हक्क न तपासता माणूस ठेवला आणि तो बेकायदा निघाला तर पहिल्या वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड. स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला स्वतःचा धंदा करता येत नाही, त्यामुळे त्याला भागीदार करू नका. नोकर ठेवताच किमान ५० लाख पौंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामामुळे नोकराला इजा झाली तर भरपाईसाठी) हवा. नसेल तर दिवसाला २,५०० पौंड दंड होऊ शकतो.

दर ठरवताना व्हॅट धरा. कोणत्याही सलग १२ महिन्यांत उलाढाल ९०,००० पौंडांवर गेली की नोंदणी सक्तीची. १२ पौंडांच्या थाळीतले २ पौंड सरकारचे. तांदूळ, डाळ, भाजी यांवर व्हॅट शून्य, म्हणून खरेदीवर भरलेला व्हॅट परत मागण्यासारखा फार उरत नाही.

बिअर ठेवायची किंवा रात्री ११ नंतर गरम जेवण द्यायचं तर प्रिमायसेस लायसन्स, म्हणजे त्या जागेचा परवाना, लागतो. दारूसाठी वैयक्तिक परवाना असलेला जबाबदार माणूसही नेमावा लागतो. अर्जाची सूचना फिक्या निळ्या ए४ कागदावर, १६ पॉइंटच्या काळ्या अक्षरांत, २८ दिवस बाहेरून वाचता येईल अशी लावायची, शिवाय स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात. कागद मधेच गळून पडला तर हरकत घेणाऱ्याच्या हाती मुद्दा लागतो. आम्ही तो काचेला आतून चिकटवला आणि रोज तारखेसह फोटो काढला.