तुम्ही विचारलंत म्हणून: दोन सेटच्या मध्ये एवढा वेळ बसून काय करता?

जिममध्ये मला सगळ्यात जास्त विचारतात ते डाएटबद्दल नाही, प्रोटीनबद्दल पण नाही. "दादा, तुम्ही एवढा वेळ बसून काय करता?" हेच. विचारणारी पोरं विशीतली, आणि सूर असा की हा माणूस व्यायामाला येतो की पंख्याखाली हवा खायला.

तर सांगतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच असं काही जड चालू असेल, म्हणजे एका सेटमध्ये सलग पाचच्या वर रेप्स (वजन उचलण्याच्या फेऱ्या) निघणारच नाहीत इतकं जड, तर मी दोन सेटच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं रेस्ट घेतो. मुद्दाम घेतो. जड सेट असतो जेमतेम दहा-पंधरा सेकंदांचा आणि तेवढ्यात स्नायू मुख्यतः आत साठवलेलं फॉस्फोक्रिएटिन नावाचं झटपट इंधन जाळतात (डब्यातलं क्रिएटिन आपण खातो ते ह्याच साठ्यासाठी). तो साठा पहिल्या अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो पण उरलेला सावकाश भरतो, मोबाइल कसा ऐंशी टक्क्यांपर्यंत भरभर चार्ज होतो आणि मग रेंगाळतो तसं, पूर्ण व्हायला तीन ते पाच मिनिटं जातातच. त्यामुळे धाप थांबली म्हणजे ताकद परत आली असं नसतं. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं.

मग ट्रेनर येऊन म्हणतो, बसू नकोस, बॉडी थंड होईल. अहो ठाण्यात, मे महिन्यात, एका पंख्यावर चालणाऱ्या जिममध्ये कोणाची बॉडी थंड होतेय? उलट उकाड्यात ठोके खाली यायलाच जास्त वेळ लागतो.

मग सेटच्या मध्ये एकच मिनिट बसायचं हा नियम आला कुठून, तर कमी रेस्टने ग्रोथ हार्मोन वाढतं म्हणून बॉडी जास्त बनते, असं बरीच वर्षं मानायचे. 2016 मध्ये ब्रॅड शोनफेल्ड ह्या व्यायामावर संशोधन करणाऱ्या अमेरिकन माणसाने आणि त्याच्या मंडळींनी आधीपासून व्यायाम करणारी 21 तरुण मुलं घेतली, काहींना एक मिनिट रेस्ट आणि काहींना तीन, बाकी व्यायाम सेम, आठ आठवडे. तीन मिनिटवाल्यांची ताकद जास्त वाढली आणि मांड्या पण जास्त भरल्या. 21 म्हणजे काही फार नाहीत, पण मला पटतं. ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये सुद्धा नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं, पण त्याच खेळाडूला लागोपाठ परत उचलायचं असेल तर दोन मिनिटं देतात.

घड्याळापेक्षा पुढचा सेट बघा. पहिल्यात पाच निघाले, दुसऱ्यात पाच आणि तिसऱ्यात एकदम तीन, तर आधी एक मिनिट वाढवून बघा, तरी पडत असतील तर वजन कमी करा. वॉर्मअपला प्लेट बदलायला लागतो तेवढाच वेळ पुरे. बायसेप्स, साइड रेज वगैरेला मिनिट-दीड मिनिट खूप झालं, तिथे पाच मिनिटं बसणारा खरंच हवा खातोय.

आता खरी अडचण. संध्याकाळी साडेसातनंतर सगळे ऑफिसवाले लोकलमधून उतरून थेट जिममध्ये, स्क्वॉटचा बार ठेवायचा रॅक एकच, आणि मागून "भाऊ, किती सेट बाकी?" सुरू. अशा वेळी एकट्याने रॅक अडवू नका, तिघांनी मिळून आळीपाळीने सेट मारा, बाकीच्या दोघांचे सेट आणि प्लेटची काढघाल होईपर्यंत तुमची तीन-चार मिनिटं आपोआप निघतात, फक्त तिघांचं वजन साधारण जवळपास असावं नाहीतर अर्धा वेळ प्लेट उचलण्यातच. घाई असेल तर पाच सेटऐवजी तीनच करा पण रेस्ट कापू नका. आणि फोनवर टायमर लावा, कारण एक रील बघतो म्हणता म्हणता दहा मिनिटं जातात. बेंचवर आडवं पडून बघणाऱ्यांना तर मी सरळ उठवतो.