सिल्व्हेस्टर डाकुन्हा: कोट्यांमागची सोय

अमूलच्या जाहिराती करणारे सिल्व्हेस्टर डाकुन्हा जून २०२३मध्ये मुंबईत वारले, तेव्हा बहुतेकांना आठवल्या त्या अमूलच्या होर्डिंगवरच्या कोट्या. कोट्या करणारे जाहिरातधंद्यात पैशाला पासरी मिळतात. त्या शिळ्या व्हायच्या आत रस्त्यावर लागाव्यात अशी सोय डाकुन्हांनी लावली, ती जास्त अवघड.

१९६६मध्ये अमूल बटरचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते एएसपी या एजन्सीत होते. मुंबईत टीव्ही नव्हता, भर होर्डिंगवर. आणि होर्डिंग म्हणजे हातानं रंगवलेलं. मूळ चित्रावर चौकडी आखायची, तीच मोठी करून फलकावर आखायची आणि एकेक घर भरत जायचं. यात आधी बिघडतो तो चेहरा. गालावरची छटा जरा हलली की दादरच्या होर्डिंगवरची मुलगी वेगळी आणि भायखळ्याची वेगळी. म्हणून अमूलचे प्रमुख वर्गीस कुरियन यांची अट होती: पात्र काढायला सोपं हवं आणि लक्षात राहणारं हवं. आर्ट डायरेक्टर युस्टस फर्नांडिस यांनी काढलेली पोर नीट बघा. निळे केस, टपोरे डोळे, ठिपक्यांचा फ्रॉक, सगळे रंग सपाट, नाकाला तर चक्क फाटा! एखादा ठिपका इकडचा तिकडे झाला तरी कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरी सोय मंजुरीची. एरवी ओळ लिहा, चित्र काढा, क्लायंटला दाखवा, ‘पाव जरा मोठा करा’ हे ऐकून परत या. तोवर बातमी विझलेली. कुरियन यांनी डाकुन्हांना या फेऱ्यांतून मोकळं केलं. अमूलच्या घोषवाक्यातले ‘अटर्ली बटर्ली’ हे शब्द डाकुन्हांच्या पत्नी निशा यांनी सुचवलेले. व्याकरणात न बसणारी अशी ओळ एखाद्या समितीपुढे गेली असती तर तिथंच मेली असती.

पुढे काम मुलगा राहुल यांच्याकडे आलं. चित्रं कुमार मोरे यांची, ओळी मनीष झवेरींच्या. पेंटर जाऊन छपाई आली आणि महिन्याला एखादं बदलणारं होर्डिंग आठवड्यात अनेकदा बदलू लागलं.

आधी न दाखवलेल्या ओळीची झळ मात्र क्लायंटलाही बसते. ‘गणपती बाप्पा मोअर घ्या’ला शिवसेनेनं आक्षेप घेतला. इंडियन एअरलाइन्सच्या संपाबद्दल होर्डिंग लागलं, तेव्हा तर त्या कंपनीनं विमानात अमूलचं लोणी देणंच बंद करू, असं बजावलं होतं.