पाच वर्षांच्या पोरीचं आधार अपडेट आणि रांगेतला नंदीध्वज (माझा अनुभव)

घाईत असाल तर आधी कामाचं सांगून टाकते. मूल 5 वर्षांचं झालं की त्याचं ते निळं बाल आधार अपडेट करावं लागतं. नंबर तोच राहतो, पण दहाही बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांचं स्कॅन आणि नवा फोटो लागतो. 5 ते 7 वयात केलं तर पैसे लागत नाहीत. 15 झाल्यावर परत एकदा करायचं. तान्हं असताना काढलेल्या आधारला बोटं-डोळे काही लागत नाहीत, जन्मदाखला आणि आईबापाच्या आधारवर भागतं, त्यामुळं तेव्हा वाटतं काय सोपं काम आहे. कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नका, पोराचं आधार आणि आपलं आधार घेऊन गेलं की झालं. टेन्शन घ्यायचं ते पोराचं.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की पहिलीच्या मुलांचं आधार अपडेट करून आणा, तो ऐन एप्रिलात. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते मी सांगायला नको, दहा वाजताच रस्ता पांढरा दिसायला लागतो. नवऱ्याची चिंचोळी एमआयडीसीत शिफ्ट, सासूबाईंचे गुडघे, म्हणजे पोरगी, अडीच वर्षांचा धाकटा आणि मी अशी आमची वरात निघाली.

आमच्या घरी सगळी कामं चाळे करूनच होतात हे आधी सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. दात घासायचे म्हणजे आमच्यात अतिक्रमण हटाव असतं. ब्रश ही महापालिकेची गाडी, मी भोंगा लावते, "उजव्या बाजूच्या दाढेवर काल रात्री कुणी बिस्किटाची टपरी टाकली, दहा मिनिटात खाली करा", आणि पोरगी आ करून पडते. केस विंचरताना, औषध देताना, पाणी आलेल्या दिवशी मला घागरी भरायच्या असतात तेव्हा, सगळीकडं असलंच काहीतरी. सासूबाई म्हणतात काय चाळे लावलेत, आमच्या वेळी एक डोळा वटारला की काम व्हायचं. होत असेल. मला वटारून जमत नाही, वटारलं की पोरगी जास्त जोरात रडते, मग धाकटा बघून रडतो, मग मला रडू येतं. त्यापेक्षा भोंगा बरा.

तर केंद्र. कुठलं ते सांगत नाही, एका बँकेच्या शाखेत कोपऱ्यात टेबल टाकलेलं आहे एवढं पुरे. टोकन घ्यायला लवकर जावं लागतं, ते मिळालं. आणि नंतर सर्व्हर डाऊन. आता सर्व्हर डाऊनला कुणी काही करू शकत नाही हे मलाही कळतं, पण निदान सांगा तरी की तासभर लागेल! "बसा, येईल" एवढंच. बसायला खुर्च्या चार आणि माणसं जिन्यापर्यंत. पंखा टेबलवाल्याच्या डोक्यावर. धाकटा माझ्या खांद्यावर घामानं चिकटलेला, आणि पोरीनं अर्ध्या तासात "आई कधी", "आई कधी", "आई बे, कधी" असं तीन पट्ट्यांत विचारून झालेलं.

मोबाईल दिला असता तर गप्प बसली असती हे खरं आहे. पण रांगेत मोबाईल दिला की नंबर आल्यावर तो काढून घ्यावा लागतो, आणि मोबाईल काढून घेतलेलं पोरगं मशीनसमोर बसवून बघा एकदा. त्यामुळं तो पिशवीतच ठेवला.

माझ्याकडं छत्री होती, उन्हाची. म्हटलं हा नंदीध्वज. आमच्याकडं गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, बघितलेल्या पोराला एवढं सांगितलं की बास होतं. संक्रांतीला सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उभे धरून चालतात, तोल जाऊ द्यायचा नाही हे तिला पाठ आहे. छत्री दोन हातांनी उभी, पोटाला टेकवलेली, वर माझा रुमाल बांधून बाशिंग, आणि चालायचं फक्त आमच्या खुर्चीपासून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत, कारण नंबर जायला नको. मी हळूच म्हटलं "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" आणि जिन्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी आपोआप पुढचं म्हटलं, "श्री सिद्धेश्वर महाराज की जय". सवयच आहे ती, सोलापुरी माणूस झोपेत पण म्हणेल. मग काय, तासभर आम्हाला करमणूक. लोक वाट द्यायला लागले. एका आजोबांनी पाया पडल्यासारखं केलं.

मग यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे देवाचं लग्न, आलाच की. तिनं जुन्या टोकनच्या चिठ्ठ्या फाडून तुकडे केले आणि उधळले. इथं शिपाई उठला. "मॅडम, हे काय देऊळ हाय काय? कचरा कोण काढणार?" मी म्हटलं मी काढते, आणि काढला पण, खाली बसून, साडीचा पदर खोचून. पण त्या माणसाला दीड तास जिन्यावर उभ्या असलेल्या गरोदर बाईला खुर्ची द्यावी असं वाटलं नव्हतं, कागदाचे तुकडे मात्र लगेच दिसले. याचा राग मला अजून आहे. आणि मला एक कळलंय, असले चाळे करताना पोरांचा प्रश्न कधीच नसतो, मोठी माणसं आपल्याकडं बघतात तो प्रश्न असतो. लाज वाटली की आवाज पडतो, आवाज पडला की पोराला लगेच कळतं हे खोटं आहे. त्यामुळं लाज घरी ठेवून जा. किंवा सासूबाईंजवळ ठेवा.

हां, मधेच आठवलं म्हणून, काजळ घालून नेऊ नका. हातावर मेंदी असेल तर उतरेपर्यंत थांबा, लग्नसराईत हे हमखास होतं. आणि भरल्या पोटी न्या.

सर्व्हर आला. आमच्या पुढं एक मावशी होत्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, बिडीकाम करणाऱ्या. त्यांचे ठसे येईनात. बोटं ओल्या फडक्यानं पुसली, पदरानं पुसली, परत दाबली, मशीन लालच. टेबलवाला म्हणतोय जोरात दाबा, त्या दाबतायत. आयुष्यभर पानं वळून बोटांच्या रेघाच गुळगुळीत झालेल्या, त्या दाबून कुठून येणार. पोरगी जवळ जाऊन बघून आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, तुमच्या बोटावरच्या रेघा कुठं गेल्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी हसल्या, म्हणाल्या, "बिडीत गेल्या गं, लोकांनी ओढून टाकल्या." तिला ते इतकं आवडलं की ती मशीनला घाबरायचंच विसरली. माझ्या सगळ्या चाळ्यांपेक्षा हे एक वाक्य भारी पडलं.

आता बोटं. चार बोटं एकदम काचेवर ठेवायची, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. पाच वर्षांच्या पोराची बोटं एवढीएवढीशी, घामानं सरकतात, आणि काचेखाली लाईट लागला की पोरगं बघायला हात उचलतं. टेबलवाला "हलू नको", "नीट ठेव", "हलू नको म्हटलं ना". तिचा खालचा ओठ पुढं यायला लागला. मी म्हटलं साहेब एक मिनिट. तिला म्हटलं, या चौघी बहिणी आहेत, गच्चीवर झोपल्यात, लाईट दिसतोय तो रात्रीचा, आता मी यांच्यावर सोलापुरी चादर घालणार, जी उठली ती उद्या पाणी भरणार. आणि माझा तळहात तिच्या बोटांवर ठेवून हळूच दाबला. पाणी भरायला कुणालाच नको असतं. एकही उठली नाही. मशीन हिरवं झालं. दुसऱ्या हाताच्या बहिणी पण झोपल्या. अंगठे म्हणजे त्यांचे मामा, तेही झोपले.

मग डोळे आले आणि तिथं आम्ही अडकलो ते अडकलोच. दुर्बिणीसारखं यंत्र असतं, त्यात बघायचं, पापणी न मिटता. हिला बोटांच्या खेळानं हसू सुटलेलं. आणि हसताना डोळे बारीक होतात, ही गोष्ट मला त्या दिवसापर्यंत कधी जाणवली नव्हती. मी जितकी हसवतेय तितके डोळे मिटतायत. टेबलवाला म्हणतोय डोळे मोठे कर, हिला "मोठे कर" याचंच हसू. मागं रांग कुरकुरायला लागली, कुणीतरी म्हणालं ओ ताई, दोन चापट्या द्या, होतंय लगेच. चापट मारल्यावर डोळे उघडतात का मिटतात, सांगा बरं? रडक्या डोळ्याचं स्कॅन येतं का? पण रांगेतल्या माणसाला उपाय सांगायला पैसे पडत नाहीत.

मग लक्षात आलं की इथं हसायचा खेळ नको, आश्चर्याचा पाहिजे. तिच्या कानात अगदी हळू, गुपित सांगतात तसं म्हटलं, "आत बघ, आत कंबर तलाव आहे, आणि त्यात एक मगर शेंगाचटणी खातीये, दिसली की सांग. पण बोलायचं नाही, नुसतं बघायचं, पापणी हलली की ती पाण्यात जाते." झालं. श्वास धरून, डोळे वाटीएवढे करून बघत बसली. टेबलवाल्यानं दोन्ही डोळे घेतले तरी ही तिथून हलायला तयार नाही, "आई, अजून दिसली नाही!" तिला यंत्रापासून उचलून काढावं लागलं. मगर न दाखवल्याबद्दल मला घरापर्यंत बोलणी बसली, ती वेगळी.

तर जे जाणार आहेत त्यांनी हे वेगवेगळं ठेवा. रांगेत हसवा, दमवा, नाचवा काय करायचं ते करा. बोटांना शांत खेळ. डोळ्यांना गुपित. सगळीकडं एकच गुदगुल्या चालत नाहीत. आणि सगळा मसाला रांगेतच संपवू नका, मशीनसाठी एक गोष्ट राखून ठेवा, जी आधी कधी सांगितलेली नाही.

स्टूल नसतं तिथं. पोराचा हात टेबलावर पोचत नाही, मांडीवर घेतलं तर फोटोत आपली हनुवटी येते. मी पिशवीतल्या चादरीची घडी करून खुर्चीवर ठेवली, तुम्ही उशी न्या.

पुढचं काही विशेष नाही, पावती मिळाली, त्यावरच्या नंबरावरून अपडेट झालं का ते ऑनलाईन बघता येतं. पावती फेकू नका आणि तिथंच नाव, जन्मतारीख, स्पेलिंग वाचून घ्या, शाळेच्या रेकॉर्डशी जुळलं नाही तर परत फेरा.

नवीन आधार डाऊनलोड केलं तेव्हा फोटो बघितला. गाल फुगलेले, कारण तिनं श्वास धरलेला होता, आणि कपाळाच्या वर केसांत टोकनचा एक तुकडा, अक्षतेचा, स्पष्ट दिसतोय. आता हेच 15 व्या वर्षापर्यंत. नवरा म्हणतो बदलून घेऊ, मी म्हटलं तू जा रांगेत. तुम्ही मात्र फोटोच्या आधी पोराचे केस झटकून घ्या.