अठरा वर्षांनी पुन्हा शिकाऊ

"अठरा वर्षं फिजिओथेरपी करताय, आता कसला कोर्स?" सासरचे विचारतात, पेशंट विचारतात, परवा तर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानंही विचारलं. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

शिकतेय ती मलिगन पद्धत. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट ब्रायन मलिगन यांनी ती १९८०च्या दशकात बसवली. आपण सांधा किंचित सरकवून धरायचा आणि त्याच वेळी पेशंटनं दुखणारी हालचाल स्वतः करायची. अट एकच, दुखता कामा नये. दुखलं तर दिशा बदला, जोर बदला. तरीही दुखतंय? मग त्या पेशंटला हे तंत्र नाही.

ऐकायला सोपं. पण माझ्या हाताला अठरा वर्षांची दाबायची खोड! (पेशंटलाही चांगलं कळवळल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही, तो भाग वेगळा.) वर्गात पहिल्याच दिवशी जोडीदारणीच्या दंडावर माझी चार बोटं उमटली. सर म्हणाले, "मॅडम, सांधा सरकवायचाय, कपाट नाही." मग महिनाभर रोज रात्री नवऱ्याचं कोपर.

ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी सुरू झाली, की माझ्या नाशिकच्या क्लिनिकमध्ये कोपरं येऊ लागतात. दिवसभर कात्री दाबायची, मग कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ. टेनिस न खेळता टेनिस एल्बो. यंदा निफाडकडच्या एक मावशी आल्या, चहाचा कप धरवत नव्हता. त्यांना झोपवलं. एका हातानं दंडाचं खालचं टोक बाहेरून रोखलं, दुसरा तळहात कोपराच्या जरा खाली आतल्या बाजूनं लावून हात बाहेर लोटला.

"मूठ आवळा."

"आई गं!"

तळहात नखभर मागच्या अंगाला कलवला. "आता?"

आवळली. सोडली. पुन्हा आवळली, आणि माझ्याकडं बघतच राहिल्या. मी हात काढला तर कळ होतीच, पण पहिल्याइतकी नाही. दहा-दहा वेळा, तीनदा केलं.

उठल्यावर मावशींनी पिशवीतून छाटणीची कात्रीच काढली. दोन-चारदा हवेत चालवून बघितली, मिटून परत ठेवली.

"पण ताई, काही वाजलं नाही," जरा नाराजीनंच म्हणाल्या. "आमच्याकडचा हाडवैद्य कसं कटकन वाजवतो!"