तुम्ही विचारलंत म्हणून : अस्ताचा रकाना

"मॅडम, सोलापुरात एक तरी ज्यू आहे का?"

पालकसभेत हा प्रश्न येतो, स्टाफरूममध्ये डबा उघडताना येतो, आणि दिवाळीला घरी आलेले माझे दीर तर तो न चुकता विचारतात. सहावीच्या इतिहासात ज्यू धर्माच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्यात आणि मी त्यांच्यावर चार तासिका घालवते, हे सगळ्यांना ठाऊक झालंय. अलीकडे प्रश्नाला शेपूटही फुटलंय : "तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" एकाच पालकसभेत एकांना वाटलं मी इस्राएलचा प्रचार करते, दुसऱ्यांना वाटलं मी तो पुरेसा करत नाही. दोघंही एकाच बाकावर बसले होते.

दरवेळी मी हसून "पोर्शन पूर्ण होतो ना?" असं म्हणून वेळ मारून नेते. आज सांगते.

सोलापुरात माझ्या ओळखीचा एकही ज्यू नाही. फेरोही नाही. पण पिरॅमिडवर दोन तासिका घेतल्या तर कुणी विचारत नाही, उलट पालक स्वतः थर्माकोल आणून देतात. बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाबद्दल आजवर एकाही दिराने हरकत घेतलेली नाही. आणि परदेशाचा इतिहास कशाला म्हणणाऱ्यांनी शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तेरला जाऊन यावं. पहिल्या शतकातला ग्रीक व्यापारी त्या गावाचं नाव 'तगर' म्हणून लिहून गेलाय, आणि तिथला माल भडोचमार्गे रोमन साम्राज्यात जात होता. आपल्या भागाला परदेश काही काल कळलेला नाही.

तशी मी वर्गात मजा करते, हेही कबूल. मार्चच्या उन्हात मातीच्या पाट्या करतो, आइस्क्रीमच्या काडीचं टोक तिरपं कापून कीलाकार खुणा उमटवतो. सोलापूरचं ऊन भट्टीचं काम करतं, दुसऱ्या दिवशी पाटी खडखडीत. मग बॅबिलोनच्या साठाच्या हिशोबाकडे येतो, तासाची साठ मिनिटं कुठून आली ते पोरांना कळतं. पुराची गोष्टही तिथेच निघते : मातीच्या पाट्यांवरचा उत्नपिष्टिम, ज्यूंचा नोहा, आपला मनू आणि त्याचा मासा. "मग कुणी कुणाची कॉपी केली?" हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. मी त्याला उत्तर देत नाही. इथे माझी पंचवीस वर्षांची नोकरी कामी येते.

ज्यू धर्मात पोरं रमतात ती शनिवारपाशी. आठवड्यातला एक दिवस काम बंद, आणि तेही मालकापुरतं नाही. दासाला, बैलाला, गाढवालासुद्धा सुट्टी, अशी आज्ञा. माझ्या वर्गात निम्म्यांचे वडील यंत्रमागावर आणि बऱ्याच जणींच्या आया विड्या वळणाऱ्या. साप्ताहिक सुट्टी म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. रविवारच्या सुट्टीसाठी नारायण मेघाजी लोखंडे लढले आणि ती १८९० मध्ये मिळाली, हेही मी तिथेच जोडते. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग शनिवारी स्वयंपाक कोण करतं?" आदल्या दिवशीच करून ठेवतात, म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे आईला शुक्रवारी डबल." यावर मला आजही बोलता येत नाही.

मग कोकणातले बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही त्यांची आख्यायिका. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. घरात मराठी, प्रार्थना हिब्रू. पद्मशाली घरातल्या पोरांना हे चटकन पटतं : घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत तिसरंच काहीतरी. हिब्रू उजवीकडून लिहितात म्हटल्यावर मदरशातही जाणारा एक मुलगा उठून फळ्यापाशी आला आणि उजवीकडून सफाईने आपलं नाव लिहून दाखवलं. हजेरीपटातली नावं वाचली की ज्यूंच्या गोष्टींतले इब्राहिम, मूसा, युसुफ, दाऊद, सुलेमान सगळे समोरच बसलेले असतात. १८७४ साली पुण्यात छापलेल्या वल्हांडण या ज्यू सणाच्या पोथीत साडी नेसलेल्या बायका बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्यात. ते चित्र मी वर्गात फिरवते, तेव्हा मुली आधी साडीच बघतात.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, बाई हौशी आहेत. हौस आहेच. पण चार तासिका हौसेच्या नाहीत.

२०१७ सालची गोष्ट. १५ ऑगस्टच्या आधी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती, विषय 'मला आवडलेला नेता'. परीक्षक आम्ही तिघी. सहावीतला माझाच एक विद्यार्थी उभा राहिला, बारीक चणीचा, शर्ट इस्त्रीचा. त्याने सुरुवात केली आणि हॉल शांत झाला. हरलेला देश, उपाशी लोक, आणि एक माणूस उभा राहतो. शिस्त, देशप्रेम, भाषणाची ताकद. नाव त्याने शेवटी घेतलं : ॲडॉल्फ हिटलर. टाळ्या पडल्या. खूप पडल्या. त्याच व्यासपीठावर आम्ही दरवर्षी १९३० च्या सोलापुरातल्या मार्शल लॉवरची आणि फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवरची भाषणं ऐकतो, त्यांना इतक्या पडत नाहीत.

मी त्याला दुसरा क्रमांक दिला.

आता माझी बाजू ऐका. गुणपत्रिकेत रकाने होते : पाठांतर, उच्चार, हावभाव, सादरीकरण. 'कोणाबद्दल बोलला' असा रकाना नव्हता. पोरगं अकरा वर्षांचं, भाषण कुणी मोठ्याने लिहून दिलेलं हे उघड होतं. पुस्तकांच्या हातगाडीवर त्या माणसाचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, लोक कौतुकाने विकत घेतात, मग पोरावर काय राग काढायचा? शिवाय पहिला दिला नाही ना? असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. पहिला न देण्याचं कारण मात्र मला चांगलं आठवतं : शेवटी तो वेळेपेक्षा अर्धा मिनिट जास्त बोलला होता.

गणपती झाल्यावर मी प्राचीन संस्कृती घेतल्या. पुस्तकाला जोड म्हणून फळ्यावर माझा आवडता तक्ता काढला : संस्कृती, नदी, लिपी, उदय, अस्त. हडप्पा, मेसोपोटेमिया, इजिप्त. पाठातला ज्यू धर्म त्याच तक्त्यात बसवला, कारण जागा होती. नदी : जॉर्डन. लिपी : हिब्रू. आणि अस्ताच्या रकान्यात लिहिलं, इ.स. ७०. रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं ते साल. मला सुटसुटीत वाटलं.

मागच्या बाकावरून त्याने हात वर केला.

"मॅडम, अस्त इ.स. ७० लिहिलाय."

"हो."

"मग हिटलरनं मारलं ते कोण होते?"

म्हणजे त्याला माहीत होतं. भाषणात ते वाक्य नव्हतं, पण त्याला कुठूनतरी माहीत होतं. तो उद्धट नव्हता. प्रामाणिकपणे दोन आकड्यांचा मेळ घालत होता, जसं मी त्यांना शिकवलं होतं. वर्ग माझ्याकडे बघत होता. हातात खडू होता. तो रकाना पुसायला दोन सेकंद लागले असते.

मी म्हणाले, "ते पुढच्या वर्गात येईल. खाली बस."

तो बसला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं : अस्त, इ.स. ७०. सहामाहीच्या पेपरात मी तो तक्ता विचारलाही. त्याने बरोबर लिहिला आणि मी त्याला पाचपैकी पाच दिले.

तेव्हाची मी आजच्या मला सांगते की अकरा वर्षांच्या पोरांसमोर छळछावण्या काढायच्या नसतात. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. आजही मी छावण्यांची चित्रं दाखवत नाही. मारल्या गेलेल्या ज्यूंचा साठ लाख हा आकडा सांगते आणि २०११ च्या जनगणनेत आपलं शहर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणजे सहापेक्षा जास्त सोलापूर, एवढंच. एका वर्षी एक मुलगी घरी जाऊन रडली, आई शाळेत आली. मी त्या आईची माफी मागितली. मागायला हवी होती का, सांगता येत नाही.

आता तक्ता नाही. यंत्रमागाच्या कारखान्यातून सूत आणते आणि भिंतीवर आडवे धागे बांधते. कीलाकार लिपीचा धागा एका ठिकाणी संपतो, हिब्रूचा खिळा सुटेपर्यंत चालत जातो. ५८६ इ.स.पू., बॅबिलोनची कैद, एक गाठ. इ.स. ७०, दुसरी गाठ. १७९६, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ज्याच्यावरून मस्जिद स्टेशनचं नाव पडलं असं सांगतात. १९४२ ला दोन चिठ्ठ्या लावतो : युरोपातल्या छावण्या, आणि चीनमध्ये वारलेले आपल्या भैय्या चौकातले डॉ. कोटणीस. तिकडे त्यांचा पुतळा आहे, याचा आपल्याला किती अभिमान. तिथल्या मास्तरांना कुणी विचारत असेल का, 'तुमच्या गावात एक तरी सोलापूरकर आहे का?'

पण हा युक्तिवाद मला स्वतःलाच पुरत नाही. धागा १९४८ ला, इस्राएल देश झाला त्या सालापाशी, येतो आणि पोरं पुढचं विचारतात. गाझाचं विचारतात, फोनवर बघितलेलं असतं. मी म्हणते, तिथेही माणसंच मरतायत, आणि हजेरीपटातला युसुफ माझ्याकडे बघत राहतो, जसं त्या वर्षी ते पोर बघत होतं. "पुढच्या वर्गात येईल" हे वाक्य माझ्या तोंडाशी येतं. कधी गिळते, कधी नाही. म्हणजे सुधारले असा दावा नाही.

पुण्याला एकदा लाल देऊळ म्हणतात त्या सिनेगॉगपाशी एक वयस्कर बाई भेटल्या. मी उत्साहाने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" त्या म्हणाल्या, "अलिबागच्या. तुम्ही?" मला जेरुसलेम ऐकायचं होतं, हे त्यांना कळलं असावं. इतक्या वर्षांनंतरही माझ्या डोक्यात तो रकाना तसाच होता.

तो मुलगा परवा भेटला. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. ओळखलं लगेच, पाया पडायला वाकला. "मॅडम, भाषणाची ट्रॉफी अजून हाय बघा घरी. आईनं शोकेसमधी ठेवलीय, दर दिवाळीला पुसती."

त्याला त्या दुपारचा प्रश्न आठवतो का, हे विचारायचं माझ्या मनात होतं. मी "बरं झालं" म्हणाले आणि भाचीच्या फ्रॉकचं माप सांगितलं.