आमची वाटचाल: निम्म्या दराचं पेप्टाइड आणि आम्ही

भोसरी एमआयडीसीतल्या भाड्याच्या गाळ्यातली पहिली वर्षं सांगण्यात अर्थ नाही. ऑर्डरी यायच्या, पेप्टाइडं (अमिनो ॲसिडं जोडून बनवलेल्या छोट्या साखळ्या, प्रोटीनचे तुकडेच) जायची. गुरुवारी वीज नसायची, त्यामुळे लायोफिलायझरमधला (गोठवून सुकवायच्या यंत्रातला) माल बुधवारी रात्रीच उतरवावा लागायचा. सांगायचं आहे ते २००८ सालचं.

त्या वर्षाच्या शेवटी बाजारातून ॲसिटोनायट्राइल, म्हणजे पेप्टाइड शुद्ध करायला लागणारं सॉल्व्हंट, गायब झालं. ते मुद्दाम कोणी बनवत नाही, प्लॅस्टिक आणि ॲक्रिलिक धाग्यासाठी ॲक्रिलोनायट्राइल करताना जे बाजूला निघेल तेवढंच. मंदीत गाड्या खपेनात, ॲक्रिलिकचा धागा खपेना, तशी मोठी प्लांट मंदावली. त्यात ऑलिंपिकपायी चीनमधले कारखाने बंद, आणि टेक्सासला आइक चक्रीवादळ. टेक्सासच्या वादळाने भोसरीचा गाळा कसा काय अडतो, असं आमचे सीए विचारायचे. भाव कित्येक पट चढले आणि रोख मोजूनही बाटली मिळेना. क्रूड (अजून शुद्ध न केलेलं पेप्टाइड) इथरमध्ये पांढरंशुभ्र खाली बसलेलं, आणि ते शुद्ध करणाऱ्या सी-१८ कॉलमवर चढवायला सॉल्व्हंट नाही! काही ऑर्डरी मिथेनॉलवर निभावल्या. पण त्याने पंपाचं प्रेशर वाढतं आणि २१४ नॅनोमीटरच्या प्रकाशात पेप्टाइड मोजताना आलेखाची बेसलाइन चढते, ते काही खरं नव्हे.

नेमक्या त्याच वेळी एकाने आमच्या निम्म्या दरात ब्लॉकिंग पेप्टाइड विकायला काढलं. अँटिबॉडी प्रोटीनच्या ज्या जागेला धरते, त्याच जागेचा हा तुकडा; तो आधी मिसळला की अँटिबॉडी अडते आणि तिने दाखवलेली प्रोटीनची पट्टी, म्हणजे बँड, जातो. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. परवडायचं कसं? शुद्ध करायचंच नाही. क्रूड कुपीत भरायचं आणि वर ‘मास कन्फर्म्ड’ची, म्हणजे रेणूचं वजन तपासल्याची, चिठ्ठी लावायची. क्रूडच्या आलेखात आपला पीक (शिखर) असतोच हो! शेजारी ११३ डाल्टनने कमी वजनाचा, म्हणजे ल्यूसिन हे एक अमिनो ॲसिड गळालेला पीकही असतो. रिपोर्ट छापताना तेवढा भाग कापायचा. आमचे जुने ग्राहक एकेक करून तिकडे गेले. परचेसवाल्यांना एल-वन (सर्वांत कमी दर भरणारा) म्हणजे साक्षात विठोबा.

टिकलो ते पाषाणच्या एका संशोधक मॅडममुळे. त्यांचं काम फॉस्फो-अँटिबॉडीवर, म्हणजे प्रोटीनवर फॉस्फेट असेल तरच धरणाऱ्या अँटिबॉडीवर. निम्म्या दराच्या पेप्टाइडने त्यांचा बँड नुसता फिका व्हायचा. आमच्या जोडीतल्या फॉस्फो पेप्टाइडने तो पुरता गेला आणि बिनफॉस्फोने जसाच्या तसा राहिला. ते बँड टिपलेली फिल्म घेऊन त्या थेट परचेस कमिटीपुढे गेल्या आणि टेंडरमध्ये अट घालून घेतली: शुद्धता ९५ टक्के, प्रत्येक कुपीसोबत एचपीएलसीचा (शुद्धता तपासणाऱ्या यंत्राचा) पूर्ण ट्रेस. पुढच्या वेळी एल-वन आम्ही होतो, कारण दुसरं कोणी बसलंच नाही.

आता पेप्टाइड जोडणारं मशीन, सिंथेसायझर, आहे, पण काचेचं जुनं रिॲक्शन व्हेसल अजून टेबलावर असतं. तळाला सिंटर्ड डिस्क (सच्छिद्र काचेची चकती), खालून नायट्रोजनचे बुडबुडे. अवघड कपलिंग (पुढचं अमिनो ॲसिड जोडणं) झालं की आजही, ज्यावर साखळी वाढते त्या रेझिनचे चार मणी काढून कैसर टेस्ट करतो. मणी निळे पडले तर जोडणी अपुरी, कपलिंग पुन्हा, मशीन काहीही म्हणो. प्रोलीन या अमिनो ॲसिडवर ही टेस्ट फसते, तिथे क्लोरॅनिल टेस्ट. हे नव्या मुलांना दर वर्षी सांगावं लागतं.

विषय निघालाच आहे तर पीएचडीच्या मुलांनाही सांगतो. पेप्टाइड थेट मेंब्रेनवर (प्रोटीन उतरवलेल्या पातळ पटलावर) ओतू नका. आधी अँटिबॉडीत मिसळा, वजनाने पाचपट, आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. शेजारी त्याच डायल्यूशनची बिनपेप्टाइडची अँटिबॉडी हवीच, आणि क्रम विस्कटलेलं स्क्रॅम्बल्ड पेप्टाइडही. कुपीतलं १ मिलिग्राम म्हणजे १ मिलिग्राम पेप्टाइड नव्हे. त्यात टीएफए या आम्लाचा क्षार आणि पाणी असतं, नेट कंटेंट (निव्वळ पेप्टाइड किती ते) विचारून घ्या. आणि बँड गेला म्हणून प्रोटीन तुमचंच, असं समजू नका. अँटिबॉडी त्याच जागेने भलत्या प्रोटीनला धरत असेल, तर तो बँडही जातो. त्यासाठी नॉकआउट, म्हणजे ते प्रोटीनच नसलेला नमुनाच लागतो. पेप्टाइड विकणाऱ्याने हे कशाला सांगावं, असं आमचे चिरंजीव म्हणतात.

मॅडम निवृत्त झाल्या. त्यांच्या विद्यार्थिनीची ऑर्डर परवाच आली, स्क्रॅम्बल्डसकट. दर मात्र तिनेही घासून घेतला.